निकमांचा पाचवा दगड

"माझं घर कुणी पाडलं?"

भास्कर निकम अंगणातूनच गरजले. पायांतले बूटसुद्धा काढले नव्हते.

बकुआजी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी. बूट काढ."

निकम ठेकेदार माणूस. लोकांची साठ घरं बांधली, स्वतः मात्र भाड्याच्या खोलीत. गेल्या भाद्रपदात फुलं बघायला ते या सड्यावर आले, डोंगरमाथ्यावरच्या या उघड्या काळ्या कातळावर, आणि हौशी लोक करतात तेच त्यांनी केलं. पाच दगड एकावर एक रचले, वाघजाईला हात जोडले आणि घर मागितलं. वर्ष सरायच्या आत बंगला उभा राहिला.

आज परत येऊन बघतात तर दगड जागेवर नाहीत.

बकुआजी गवळी-धनगराची. सड्याच्या कडेला तिचं घर, मुक्कामाला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या. वनखात्याचा साहेबसुद्धा सड्यावर नवी पायवाट आखण्याआधी तिला विचारून जायचा. शहरातून येणारे तिला गुरू म्हणत. ती त्यांना "गप बसा" म्हणे, आणि त्यांना तोच उपदेश वाटे.

"रचलेलं मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"उचलायचा तुला कुणी दिला?"

...

निकमांनी बूट काढले. ओसरीच्या काठाला टेकले. आवाज खाली आला.

"आजी, बंगला लाभला नाही. वडलांना गावाकडनं आणलं, तात्यांना. घरातली सगळ्यात थंड खोली दिली, आतली. उन्हाचा कवडसा येत नाही. वर पंखा. आणि म्हातारा जेवत नाही. बोलत नाही. भिंतीकडं तोंड करून बसतो. आता घोटभर चहावर आलाय. डॉक्टर म्हणतात, दुखणं काही नाही. म्हटलं, नवसाचं घर ढासळलं असणार. ते पुन्हा रचू द्या."

"गावाकडं कुठं बसायचा?"

"तात्या? दारातल्या पायरीवर. दिवस उगवल्यापासून दुपारपर्यंत. नुसतं कातडं भाजून घ्यायचा."

आजी उठली. वळचणीखालून एक दगड घेऊन आली. कुणी लेकरू आणावं तसा, दोन्ही हातांत. त्याच्या फिक्या अंगावर ऑइलपेंटनं लिहिलं होतं : भा. निकम.

"तुझाच न्हवं?"

"माझाच. काळ्या बाजूवर अक्षर उठेना, म्हणून उलटा केला."

"चार दगड ज्या खळग्यांतनं उपटलेस, त्यांत परत बसवलं. मग मीच तापानं महिनाभर पडले. ह्याचा खळगा ऱ्हायला. तू बांधकामातला. हा बसव, मग पुन्हा रचायचं बोलू."

निकम हसले. "हे काय काम आहे? दहा मिनिटांत बसवतो."

"अनवाणी जा. मातीवर पाय देऊ नको, कातळावर दे."

दहा मिनिटांचे तीन तास झाले. सड्यावर खळगे शेकड्यानं, आणि प्रत्येक जण हा दगड आपला नव्हे म्हणून सांगणारा. निकमांचे तळवे सोलले. शर्ट पाठीला चिकटला. एकदा मनात आलं, द्यावा कुठंतरी ढकलून, म्हातारीला काय कळतंय? पण साठ घरांचे कोन जुळवलेला डोळा, तो ऐकेना.

मग सापडला. दगडाला जिथं तिरका टवका होता, तिथं खळग्यालाही तसाच तिरका कोपरा. केसभर फरक नाही.

ते दगड घेऊन वाकले.

खळग्यात बोटभर माती साचली होती. सोनकीची दोन रोपं उभी होती. त्यांच्या बुडाशी नखाएवढी बेडकी बसली होती. तिचा गळा हलत होता. ती निकमांकडं बघत होती आणि जागची हलत नव्हती.

दगड जड होता. तरी निकम बराच वेळ तसेच वाकून राहिले...

ते परतले तेव्हा आजीनं तांदूळ शिजवून भात खाल्लासुद्धा होता. निकमांनी दगड पायरीवर ठेवला, नाव वर करून.

"गावला न्हाई?"

"सापडला."

"मग?"

"तिथं कुणीतरी राहतंय."

...

"मग म्हाताऱ्याला तरी ने परत गावाकडं."

निकम सोललेल्या तळव्यांकडं बघत राहिले. "ते घर मीच पाडलं, आजी. जागा भाच्याला दिली. त्यानं चक्की टाकली. त्याची दोन पोरं त्या चक्कीवर जेवतात. त्यांना कसं उठवू?"

आजीनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"दगडाला जागा नाही. तात्यांना जागा नाही. आणि साठ घरं बांधणारा मी... काय करू, सांगा. रचायचं राहू द्या."

आजी वाकली. तिनं दोन्ही हातांनी दगड उलटा केला. नाव खाली गेलं. दगडफुलानं खरबरीत झालेली काळी पाठ वर आली. दुपारचं ऊन तिच्यावर पडलं.

"पहिली जागा गेली ती गेली," आजी म्हणाली. "उन्हाची बाजू तेवढी वर ठेव."