दोन महिने वापरलेले टायर

करवंदी घाटाच्या माथ्यावर तात्यांचं टायरचं दुकान होतं, आणि लोक म्हणत, घाटातल्या सातव्या वळणावर एक बाई उभी असते. धुक्यात ती गाडी दरीकडे ओढते.

वैजयंताला तोच घाट रोज उतरावा लागे. भावाने दिलेली दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, आणि शेजारी शाळेला निघालेली तिची चार वर्षांची मुलगी छबू. टायर पार झिजले होते. त्या सकाळी ती ते बदलायला तात्यांकडे थांबली, तेव्हा तर धुकं दुकानाच्या दारापर्यंत आलं होतं.

"तायडे, तू फक्त गाडी चालव, टायरचं मला कळतं," म्हणत तात्यांनी रुंद, गुळगुळीत टायर पुढे केले. "शर्यतीचे आहेत! बाई हात पुढे करेपर्यंत गाडी वळणापार. एका शौकीन माणसाने दोनच महिने वापरलेत."

"याच घाटात?"

"रोज!"

वैजयंताने वाकून पाहिलं. टायरच्या कडेला शेवाळ चिकटलं होतं, दरीच्या तळाशी असतं तसं ओलं. तिने छबूला पोटाशी धरलं.

"तात्या, हे टायर बाईच्या हाती लागत नाहीत, तर मग तो माणूस आणि त्याची गाडी खाली ठेवून हे एकटेच वर कसे आले?"

तात्यांनी खोल खाचांचे नवे टायर काढले. ते बसवून होईपर्यंत त्यांनी त्या गुळगुळीत टायरांकडे एकदाही पाठ केली नाही.