मोटेचा रस्सा

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जहागीरदार हैबतरावांची धान्याची पेवं भरलेली होती, पण ते ती उघडेनात. म्हणत, "रोज सांजेला गावातल्या चुलींचा धूर दिसतो. चूल पेटते तिथे अन्न शिजतं. मग उपासमार कसली?"

हैबतरावांना आपल्या खाण्याचा अभिमान होता. अजगर, घोरपड, लाल मुंग्यांची चटणी, सगळं त्यांनी चाखलं होतं. एकदा त्यांनी दवंडी पिटवली, "मी खाल्लं नाही असं अन्न आणेल त्याला मागेल ते देईन. हरेल त्याला फटके."

दुसऱ्या दिवशी भर पंगतीत भागाई नावाची म्हातारी मडकं घेऊन आली. हैबतरावांनी त्यातला तुकडा तोंडात घातला. जबडा दुखला, पण तुकडा तुटेना.

"काय आहे हे, म्हातारे?"

"मोट आहे, सरकार. विहीर आटली, मग मोट काय कामाची? तिचं कातडं कापून उकळलं."

हैबतराव थुंकले. "हे अन्न नव्हे. हरलीस तू."

"हरले, सरकार. फटके द्या. पण गावातल्या चुलींवर रोज हेच शिजतं. ते अन्न नव्हे, हे आता तुम्हीच साऱ्या पंगतीसमोर सांगितलंत."

पंगतीत कोणी घास उचलला नाही. हैबतरावांनी पुढ्यातलं पान दूर सारलं. मग त्यांनी पेवांवरचे दगड हलवायला माणसं धाडली.

त्या सांजेलाही गावात धूर निघाला. त्याला भाकरीचा वास होता.