मोडली की झिजली

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा ज्या वाटेनं गाड्या जात, तिथं आता झाडं उभी असतील.

त्या काळी एका घाटाच्या पायथ्याशी एक कुंभार आणि त्याची कुंभारीण राहत. त्यांची एक बैलगाडी होती, कुंभाराच्या बापाच्या वेळची. घाटापलीकडं वर्षातून एकदा देवीची जत्रा भरे. कुंभार तिथं रांजण नेई आणि त्यांच्या बदल्यात वर्षाचं धान्य घेऊन येई. जत्रा चुकली, तर वर्षभर पोटाला चिमटा.

गाडी आता कुरकुरू लागली होती. कुंभार रोज सकाळी एरंडेलात काजळी कालवून चाकांना वंगण घाली, तेव्हा कुठं ती गप्प बसे. पण त्याचं मन काही गप्प बसत नसे. घाटात दोन्ही चाकांना जोडणारा कणा गेला तर? चाक निखळलं तर? काळजी करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

कुंभारीण म्हणायची, "अवं, कणा तेवढा बदला. बाभळीचा ओंडका तळ्यात मुरवून, सावलीत वाळवून ठेवलाय. त्यो काय पूजेला?"

"बदलू की," कुंभार म्हणायचा. आणि पुन्हा काळजी करत बसायचा.

जत्रा काही महिन्यांवर आली असताना एक व्यापारी दारात आला. त्याच्या झोळीत अक्षरं कोरलेल्या तांब्याच्या गोल मुद्रा होत्या.

"कुंभारदादा, ही अभयमुद्रा," तो म्हणाला. "जुवाला बांधायची आणि निश्चिंत व्हायचं. वर्षभरात गाडी मोडली, तर माझा सुतार येऊन फुकट दुरुस्त करील. हा माझा शब्द आहे."

मग त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून कण्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "गाडी बरीच चाललेली दिसते. त्यामुळं मोल थोडं जास्त पडेल." बोलता बोलता त्याची नजर छपराखाली ठेवलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर गेली. ओंडका सरळ होता, घट्ट होता. मधोमध एक काळी गाठ होती, तेवढाच काय तो डाग.

कुंभारीण नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यो ओंडका दिला, तर कणा कशाचा करणार?"

"अगं, कणा बदलला तर कणाच नवा होईल. चाकाचं काय? जुवाचं काय? मुद्रा घेतली, की समद्या गाडीचीच काळजी मिटली."

तसं बघितलं तर बोलणं बिनतोड होतं. घाबरलेल्या माणसाची बोलणी बहुधा बिनतोडच असतात. व्यापारी ओंडका घेऊन गेला आणि मुद्रा जुवाला लटकू लागली.

त्या दिवसापासून कुंभार गाढ झोपू लागला. इतका गाढ, की सकाळी वंगण घालायची वेळ टळून जाई. गाडी कुरकुरली, तर तो मुद्रेकडं बोट दाखवून हसे. कुरकुर वाढत गेली. बैलांनी कान हलवून हलवून ती ऐकायचं सोडून दिलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दोघं नवरा-बायको रांजण भरून निघाली. घाटमाथा हाकेच्या अंतरावर आला आणि कडकन आवाज झाला. गाडी एका अंगावर कलली. निम्मे रांजण घरंगळून फुटले. कुंभारीण मटकन खाली बसली. वर्षभराचा घास तिच्या डोळ्यांदेखत खापऱ्या होऊन पडला होता.

कुंभार मात्र मुद्रेच्या जोरावर धीराचा. माथ्यावरच त्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. तो धावत गेला आणि व्यापाऱ्याला अन् सुताराला घेऊन आला.

सुतारानं कण्यावरून अंगठा फिरवला. चाक बसतं तिथं लाकूड घासून घासून मनगटाएवढं उरलं होतं.

"शेठ, हा कणा झिजलाय," सुतार म्हणाला.

"झिजलाय," व्यापाऱ्यानं मान डोलावली. "मग आमचा काही संबंध येत नाही."

"अवो, डोळ्यांसमोर मोडलाय की!" कुंभार म्हणाला. "तुमी शबुद दिला व्हता."

"दिला होता आणि पाळतोही. मोडली तर दुरुस्त करीन, असं मी म्हणालो होतो. झिजली तर, असं म्हणालो नव्हतो."

कुंभारानं आपल्या गाडीवर हात ठेवला. "शेठ, ही गाडी माझ्या बापाच्या वेळची. हिच्यात न झिजता मोडंल असं व्हतं तरी काय?"

"तुमच्या गाडीत काही नाही," व्यापारी शांतपणे म्हणाला. "नव्या गाड्यांत असतं."

तो खोटं बोलत नव्हता. मुद्रा दिली त्या दिवशीही बोलला नव्हता. कुंभारीण उठून उभी राहिली आणि म्हणाली, "शेठ, तुमचा शबुद मोडला न्हाई, खरं हाय. नुसता झिजला."

व्यापाऱ्यानं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुकानात तयार कणा होता. हवा असेल तर उरलेल्या रांजणांच्या बदल्यात देतो, म्हणाला. गाडी आणि बैल घाटात टाकून जाता येत नव्हतं, म्हणून कुंभार हो म्हणाला. सुतारानं कणा आणला. बाभळीचा होता, सरळ, घट्ट. मधोमध एक काळी गाठ होती.

कुंभारानं ती गाठ पाहिली. कुंभारणीनंही पाहिली.

रिकामी गाडी घेऊन दोघं माघारी आली. ते वर्ष त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची माती तुडवून, अर्धपोटी काढलं.

पण घाटातून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कुंभारानं एरंडेल काढलं, काजळी कालवली आणि चाकांना वंगण घातलं. जुवाची मुद्रा सोडून तिला मधोमध भोक पाडलं आणि चाक अन् ते निसटू न देणाऱ्या खिळीच्या मधे चकती म्हणून बसवली. तिथं ती चांगली उपयोगी पडली. पुढल्या जत्रेपर्यंत तिच्यावरची अक्षरं मात्र पार झिजून गेली.

तात्पर्य: जुन्या गाडीला वचन बांधू नये, वंगण घालावं.