मिशीला लोंबकळलेला मुंगळा

झाडांच्या ढोलीढोलीत वाचनाचं वेड होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका रानात साळिंदरबाई आपल्याच काट्यानं सागाच्या पानावर चित्रकथा काढायची. दर पौर्णिमेला नवं पान निघायचं आणि एका कंदाला त्याची एक प्रत मिळायची. गोष्टीतला, वाघाची मिशी उपटायला निघालेला मुंगळा आता वाघाच्या नाकावर पोचला होता, आणि पुढं काय होणार यावरून माकडं हमरीतुमरीवर आली होती.

उदमांजररावांना हा उतावळेपणा बघवेना. ते स्वतःला मोठे रसिक समजत. "सुटी पानं उडतात, फाटतात," ते म्हणाले. "गोष्ट संपली की सगळी पानं शिवून जाडजूड पुस्तक निघेल. जाणकार तेच घेतात."

आता अडाणी कोण म्हणवून घेणार? पुढच्या पौर्णिमेला मुंगळ्यानं मिशी धरली. सगळ्यांनी चित्राची तोंडभरून स्तुती केली आणि पान न घेताच घर गाठलं.

उदमांजररावांनी मात्र ढोलीत पुस्तकासाठी ऐसपैस फळी ठोकली. बरेच दिवस वाट पाहून ते चौकशीला गेले, तर साळिंदरबाई माती उकरत होती.

"बाई, पुस्तक कुठवर आलं?"

"कसलं पुस्तक? पानंच कुणी घेईना, म्हणून कंद मीच शोधते आता. मुंगळा तिथंच लोंबकळतोय."

उदमांजरराव हळहळत परतले. आजही ते पाहुण्यांना ती रिकामी फळी दाखवतात आणि सुस्कारा टाकून म्हणतात, "आम्ही एवढी जागा करून ठेवली होती. पण हल्लीच्या कलावंतांत चिकाटीच नाही."