बिनभोकाच्या पानांचं नगर

खूप खूप वर्षांपूर्वी सात पेठांचं एक मोठं नगर होतं. तिथल्या राजाला टापटिपीचं भारी वेड.

एकदा शेजारचा राजा पाहुणा आला. बागेत फिरताना म्हणाला, "झाडं छान आहेत तुमची. पानं मात्र सगळी कुरतडलेली!"

राजाला ते लागलं. त्याने दवंडी पिटवली, की यापुढे नगरात पानाला भोक दिसता कामा नये.

प्रधानाने समुद्रापलीकडून लाल फुलांची झाडं मागवली. त्यांच्या पानांना ना अळी शिवत होती, ना शेळी तोंड लावत होती. मग इथला करंज गेला, भोकर गेला, नांद्रुक गेला. रस्ते लालभडक झाले. लोकांनी प्रधानाला खांद्यावर घेऊन मिरवलं.

तिसऱ्या वर्षी नगरात पावलं वाजू लागली.

भर दुपारी मागून कुणी चालत येतंय असं वाटे. सर्र, सर्र, सर्र. वळून पाहावं तर रस्ता मोकळा. ती गळालेली नवी पानं होती. त्यांना कुजवणारं मातीत कुणी उरलं नव्हतं. पावसाळे गेले तरी ती तशीच कोरडी सरकत राहत. हे कळल्यावरही लोक वळून बघायचे थांबले नाहीत, कारण नगरात दुसरा आवाजच नव्हता. चिवचिव नाही, गुणगुण नाही. परसातल्या भोपळ्याला फुलं येत आणि न धरताच गळून जात.

शेवटच्या पेठेत एक म्हातारी माळीण राहायची. तिच्या परसात नगरातला शेवटचा उंबर होता, गाठी आलेल्या, भोकं पडलेल्या पानांचा. वेलाला भोपळे लागत ते फक्त तिच्याच. कुणीतरी चहाडी केली, आणि प्रधानाला घेऊन राजा जातीने आला.

पालखीतून उतरताच पावलं त्याच्या मागे लागली. माळिणीच्या परसात तो शिरला, तशी पावलं थांबली. तिथली माती काळी, मऊ होती. वरून आवाज आला. टुक्, टुक्, टुक्.

राजा दचकला. "कोण ठोकतंय?"

"तांबट आहे, महाराज. पाखरू. लहानपणी ऐकलं असेल तुम्ही."

"विषय बदलू नकोस, म्हातारे!" प्रधान ओरडला. "हे पान बघ. चाळण झालीय चाळण!"

"अळीने खाल्लंय, सरकार. अळीला पाखरू खातं. फुलावर माशी बसते म्हणून भोपळा धरतो. तुमच्या झाडावर कोण जेवतं?"

"आमची झाडं शोभेची आहेत!"

"मग भूक लागली की शोभाच खा."

राजा वर बघत राहिला. आवाज ओळखीचा होता. पण भोवती माणसं जमली होती, आणि हुकूम त्याचाच होता.

"तोडा," तो म्हणाला.

माळीण शेजाऱ्यांकडे वळली. "अरे, माझे भोपळे नेताना तोंड उघडत होतं ना तुमचं? आता काय झालं?"

शेजारी दारात उभे होते. एकेकाने आपापलं दार लोटून घेतलं. त्यांच्या पानांना भोक नव्हतं ना!

उंबर पडला. तांबट एका लाल झाडावर बसला, मग दुसऱ्यावर, मग सातव्यावर. खायला कुठेच काही नव्हतं. तो कोटाबाहेर उडाला. त्याच्यामागून गाठोडं डोक्यावर घेऊन माळीणही गेली.

दुसऱ्या दुपारी तिच्या परसातही पावलं वाजली.

त्या वर्षी एकही वेल धरला नाही. पेठांमागून पेठा रिकाम्या झाल्या. प्रधान गेला, पालखीचे भोई गेले. शेवटी राजा एकटाच रस्त्याने चालला असता मागे सर्र झालं.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

कुणीच नव्हतं.

ते नगर अजून तसंच आहे म्हणतात. झाडं फुललेली आहेत, एकाही पानाला भोक नाही, आणि दुपार झाली की रिकाम्या रस्त्यावरून पावलं चालू लागतात.

तात्पर्य: ज्या झाडावर किडा-पाखरू जगत नाही, त्या झाडाखाली माणूसही फार दिवस जगत नाही.