शालनबाईंच्या पत्राचं कुलूप

“शालननं पत्र वाचलं का रे?”

आक्कांनी विचारलं तेव्हा निरंजन मठाच्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. पुण्याची नोकरी सोडून तो मठ चालवणाऱ्या आक्कांकडे शिकायला आला होता. मठाचे ईमेल तोच बघायचा.

“नाही अजून.”

“दोन दिवस झाले.”

“पण आक्का, असं कुलूप घातलंय, की सरकारलासुद्धा उघडता यायचं नाही!”

“सरकारनं मागितलं होतं का?”



शालनबाईंनी चिठ्ठी पाठवून विचारलेलं नाजूक होतं. रविवारी त्यांच्या तेजलचा साखरपुडा. तेजल पोटची नाही, हे तिला त्याआधी सांगावं का? सांगावं तर कसं? आक्कांनी उत्तर लिहून दिलं होतं. पण टपाल रविवारच्या आत पोचलं नसतं, आणि शालनबाईंकडे ईमेल एकच, त्यांच्या भांड्यांच्या दुकानाचा. आणि तो रोज उघडायची तेजलच.

“प्रोग्रॅम घालायचा, किल्ली बनवायची, सगळं लिहून दिलं होतं मी. अकरा पायऱ्या.”

“मग ती काय म्हणते?”

त्यानं त्यांचा मेल खालच्या आवाजात वाचला. “दादा, तिसरीवरच अडकले. कुणाला विचारताही येत नाही.”

आक्का हसल्या. “साधी फाईल कर. तिला पासवर्ड लाव.”

“आणि तो कळवायचा कसा? मेलमध्ये लिहिला तर तेजल वाचेल. फोनही दुकानातच.”

“मेलमध्ये एवढंच लिही. पहिल्यांदा मठात आलीस, तेव्हा पदराखाली काय आणलं होतंस? तोच पासवर्ड.”

“घरी कुणाला माहीत असलं तर?”

“त्या दिवशी कुणाला न सांगता आली होती ती.”

निरंजननं बोटं कीबोर्डवर ठेवली. “काय आणलं होतं?”

“तूच घेतलंस की तिच्या हातातून. फाटकात.”

तो आठवू लागला... फाटक आठवलं. ऊन आठवलं. पण वस्तू सोडाच, बाईंचा चेहराही आठवेना.

आक्कांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

“तोंड फिरव.”

“आक्का! मी तुमचा शिष्य ना?”

“पत्र तिला आहे.”

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे एका बोटाची टकटक... सावकाश... मग थांबली.

“हं. पाठव आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पत्त्यावरून शालनबाईंचा मेल आला. पत्र उघडलं, तेजलला काल सांगितलं, दोघी एकाच ताटात जेवलो, असं त्यात लिहिलं होतं.