तीन काड्या आणि एक रेघ

एका खेळातल्या जगात, धुक्याच्या काठावरच्या गावात, एक म्हातारा होता. तो सांगे, "नकाशावरची अशी एक खूण दाखवा, जी मला वाचता येत नाही!" मग डोळा मिचकावून म्हणे, "फक्त भूक लागली की डोंगराचा समोसा दिसतो."

त्या जगाची तऱ्हाच न्यारी. सगळीकडे निळसर धुकं. कुणी पाऊल टाकलं की तेवढंच धुकं विरायचं, खालची जमीन जागी व्हायची आणि गावच्या कापडी नकाशावर तिची खूण आपोआप उमटायची. पाऊल पुढं गेलं की धुकं परत दाटायचं, खूण मात्र राहायची. झाड म्हणजे रान, टिंबं म्हणजे वाळू, त्रिकोण म्हणजे डोंगर. तो नकाशा कायम म्हाताऱ्याच्या मांडीवर. धुमसत्या डोंगराची खूण दाखवून तो नव्या नवरदेवाला म्हणे, "ही तुझी सासुरवाडी. जपून जा!"

खुणांचे अर्थ नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले होते. पण "मला सगळं पाठ आहे" म्हणत म्हाताऱ्यानं तो कोपरा कधीच फाडला आणि त्याची तंबाखूची चंची शिवली.

एके दिवशी एक मेंढपाळीण आली. मागं चाळीस मेंढ्या, जणू धुक्याचेच गोळे. उत्तरेचं बर्फ नकाशावर रोज बोटभर खाली सरकत होतं. ते पोचायच्या आत दक्षिणेचं कुरण गाठलं नाही, तर कळप संपला.

"आजोबा, ही मधली खूण कसली?"

"तीन काड्या? गवत! लुसलुशीत! सरळ जा."

"आणि काड्यांखाली ही आडवी रेघ?"

म्हाताऱ्याला रेघ आठवेना. पण 'माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून जन्मात निघाले नव्हते. "ती होय? कापडाला चुणी पडलीय, पोरी."

तिनं बोटानं चुणी सारखी करून पाहिली. रेघ हलली नाही. "मग पुढं तुम्ही चला," ती म्हणाली.

आता माघार कशी घ्यायची? नकाशा तिच्या हाती देऊन म्हातारा ऐटीत निघाला. धुकं बाजूला होत गेलं. हिरवंगार गवत झुलत होतं. त्यानं पाय टाकला आणि जमीनही झुलली. दुसऱ्या पावलाला तो कमरेपर्यंत आत!

मेंढ्या जागीच थबकल्या. मेंढपाळणीनं घोंगडीचं टोक फेकलं आणि त्याला ओढून काढलं. एक जोडा चिखलानं ठेवून घेतला. चंची भिजून उसवली, तंबाखू वाहून गेली आणि कापडावरची अक्षरं वर आली: 'तीन काड्या, खाली रेघ: दलदल.' त्याच्याच खाली होतं, 'तुटक रेघा: पक्की वाट.'

तिनं नकाशावर तुटक रेघा शोधल्या. दलदलीला वळसा घालून कळप संध्याकाळच्या आत कुरणात पोचला. मागं बर्फ नुसतंच चमकत राहिलं.

एका पायात जोडा घातलेला म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "पोरी, यातून तात्पर्य घे. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणावं. अर्धी खूण वाचणारा स्वतः तर बुडतोच, मागच्यांनाही बुडवतो."

मेंढपाळीण मेंढ्या मोजता मोजता म्हणाली, "तात्पर्य तुम्हीच ठेवा, आजोबा. मी रेघेचं विचारलं होतं."